आरोग्याचा अर्थसंकल्प आणि न छापलेले रकाने

१

अर्थसंकल्पावर लिहिण्याचा अधिकार अर्थशास्त्रज्ञांचा, साहित्याच्या अध्यापकाने त्या वाटेला जाऊ नये, असा एक समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात रुजलेला आहे. मी तो मानीत नाही. ज्ञानाच्या ज्या मक्तेदारीविरुद्ध आपली चळवळ उभी राहिली, त्याच मक्तेदारीचा तो एक शिल्लक राहिलेला तुकडा आहे. अर्थसंकल्प हा शब्दांत आणि आकड्यांत लिहिलेला दस्तऐवज असतो. त्याला लेखक असतो, त्याने गृहीत धरलेला वाचक असतो, त्याची ठरलेली परिभाषा असते आणि काय सांगायचे व काय सांगायचे नाही याची निवडही त्यात झालेली असते. हे लेखन कोणाच्या जगण्यातून आले, कोणाला वगळून ते पूर्ण झाले, त्याचे मूल्य कोणी ठरवायचे, हे प्रश्न दलित साहित्याने मराठी समीक्षेला विचारायला भाग पाडले. तेच प्रश्न या दस्तऐवजालाही विचारता येतात. किंबहुना त्याला ते अधिक कठोरपणे विचारले पाहिजेत. कादंबरी वाईट निघाली तर वाचकाचा वेळ वाया जातो. आरोग्याचा अर्थसंकल्प वाईट निघाला तर बाळंतीण दगावते.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सार्वजनिक आरोग्यावर सरकार जो खर्च करीत नाही, तो खर्च टळत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतो. सरकारच्या पुस्तकात न दिसणारा हा पैसा रुग्णाच्या घरच्या कर्जात, आशाताईच्या अपुऱ्या मोबदल्याच्या श्रमात आणि सफाई कामगाराच्या कमी झालेल्या आयुष्यात शोधावा लागतो. हे तीन रकाने अर्थसंकल्पात छापलेले नसतात. ते वाचल्याशिवाय ‘निधी उपलब्ध नाही’ या सरकारी वाक्याचा खरा अर्थ लागत नाही, आणि तो अर्थ लावणे हे आता आपल्या समीक्षेचे काम आहे.

२

हे काम नवे नाही. आपल्या परंपरेत त्याचा आरंभ जोतीराव फुल्यांपासून होतो. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, ते शिक्षणाविषयीचे म्हणून आपण वाचतो. पण त्यातला युक्तिवाद सार्वजनिक खर्चाचा आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, वरिष्ठ वर्ग तिजोरीत फारच थोडी भर घालतात, आणि तरीही शिक्षणावरचा खर्च त्या वरिष्ठ वर्गांच्या सोयीने होतो, हे त्यांनी परक्या सरकारला स्पष्ट शब्दांत सुनावले. पैसा कोणाच्या कष्टातून येतो आणि कोणाच्या दारात जातो, हा जोतीरावांचा प्रश्न आहे. २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर तर भूमिहीन मजूरसुद्धा दुकानातल्या प्रत्येक खरेदीबरोबर करदाता झालेला आहे. ‘करदात्यांचा पैसा फुकट वाटला जातो’ असे म्हणणाऱ्या मध्यमवर्गीयांना करदाता म्हणजे फक्त आपणच असे वाटत असते. जोतीरावांना तसे वाटत नव्हते.

दुसरा टप्पा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. हा ग्रंथ आपल्या घरांतून असतो, पण वाचला फार कमी जातो. १८७० च्या डिसेंबरात लॉर्ड मेयोच्या सरकारने तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते यांच्याबरोबर वैद्यकीय सेवाही प्रांतांकडे सोपवल्या आणि त्यांच्यासाठी ठोक रक्कम बांधून दिली. ती रक्कम या खात्यांवर आधी होत असलेल्या खर्चापेक्षा कमी होती. मध्यवर्ती सरकारची तूट प्रांतांच्या गळ्यात गेली. तिथून पुढे नेमणुकीचा अर्थसंकल्प, मग नेमून दिलेल्या महसुलाचा, मग १८८२ पासून वाटून घेतलेल्या महसुलाचा, अशा अवस्था बाबासाहेबांनी एकामागून एक उलगडून दाखविल्या आहेत. १९१९ च्या कायद्याने द्विदल राज्यपद्धती आली, तेव्हा आरोग्य हे ‘सोपीव’ खाते म्हणून हिंदी मंत्र्याकडे गेले आणि वित्त मात्र ‘राखीव’ राहिले. म्हणजे रोग मंत्र्याच्या हाती आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हाती.

हा इतिहास मी एवढ्यासाठी सांगतो की तो संपलेला नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने ही राज्यसूचीतली सहावी नोंद आहे. जबाबदारी राज्यांची आहे. महसुलाची मोठी साधने केंद्राकडे आहेत. २०१८-१९ पासून केंद्र आयकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर घेते. उपकर असल्यामुळे वित्त आयोगाच्या वाटपात तो राज्यांच्या वाट्याला येत नाही. आरोग्याच्या नावाने गोळा होणाऱ्या पैशात, आरोग्याचा बहुतेक भार वाहणाऱ्या राज्यांना हक्काचा हिस्सा नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथाचा अभ्यास केलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

आणखी एक दाखला द्यायला हवा. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. आईची विश्रांती हा सरकारी खर्चाचा विषय आहे, हे म्हणायला १९२८ साली धैर्य लागत होते. ते आजही लागते.

३

आता आश्वासनांच्या साहित्याकडे वळू. या देशात आरोग्यावरचे आश्वासनांचे साहित्य विपुल आहे आणि त्याची भाषा बहुधा उदात्त आहे.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा उपचारांपासून वंचित राहता कामा नये, हे तिचे मूळ सूत्र होते. दूरच्या पल्ल्याच्या योजनेत तिने दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य घटक आणि त्याला पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय सुचविले होते. पारतंत्र्यात लिहिलेल्या या अहवालाशी स्वतंत्र देशाचा निकष ताडून पाहा. सपाटीच्या प्रदेशात तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी व डोंगरी भागात वीस हजारांमागे एक, आणि त्यात पाचसहा खाटा. स्वप्न कागदावरच आकसले आहे. प्रत्यक्षात केंद्राला कुलूप आहे की डॉक्टर आहे, हा पुढचा प्रश्न.

संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले. तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यावर न्यायालयात दाद मागता येत नाही. १९७८ साली अल्मा-आटा येथे ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली आणि १९८३ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ती उचलली. २००२ च्या धोरणाने २०१० पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. २०११ साली नियोजन मंडळाच्या उच्चस्तरीय तज्ज्ञ गटाने तो अडीच आणि मग तीन टक्क्यांवर न्यावा असे सांगितले. २०१७ च्या धोरणाने अडीच टक्क्यांसाठी २०२५ ही मुदत घातली. प्रत्येक नवे धोरण आधीच्या धोरणाची मुदत का हुकली याबद्दल फारसे काही न बोलता नवी मुदत लिहिते. आपल्याकडे पुराणांचे कर्ते असेच मागच्या पुराणाला हात न लावता पुढचे पुराण सांगत.

प्रत्यक्षात काय झाले? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली केंद्र आणि राज्ये मिळून सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्के होता. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के झाला. ही वाढ खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण ते महामारीचे आणि लसीकरणाचे वर्ष होते हेही विसरता येत नाही. त्या वर्षीही सरकारचा दरडोई आरोग्यखर्च ३,१६९ रुपये होता, म्हणजे दिवसाला नऊ रुपयांच्याही आत. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाची तरतूद सुमारे ९९,८५९ कोटी रुपये होती आणि एकूण अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या वर होता. शंभर रुपयांतले दोन रुपयेही पुरते नाहीत.

४

या भाषेचा एक नमुना बारकाईने वाचण्यासारखा आहे. तो म्हणजे १ फेब्रुवारी २०२१ चे केंद्रीय अर्थसंकल्पाचे भाषण. महामारीचे पहिले वर्ष सरत होते. दुसरी लाट अजून यायची होती. त्या भाषणात ‘आरोग्य आणि कल्याण’ या शीर्षकाखाली २,२३,८४६ कोटी रुपये दाखविले गेले आणि आदल्या वर्षीच्या ९४,४५२ कोटींच्या तुलनेत ही १३७ टक्के वाढ आहे असे सांगितले गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले.

आता हा आकडा सोडवू. त्यात आरोग्य व कुटुंबकल्याण विभागाचे ७१,२६९ कोटी आणि आरोग्य संशोधनाचे २,६६३ कोटी आहेत. आयुष मंत्रालयाचे २,९७० कोटी. लसीकरणासाठी ३५,००० कोटी, जे आरोग्य मंत्रालयाच्या मागण्यांत नसून अर्थ मंत्रालयामार्फत ठेवलेले होते. पेयजल व स्वच्छता विभागाचे ६०,०३० कोटी. पोषणाचे २,७०० कोटी. वित्त आयोगाने पाणी व स्वच्छतेसाठी दिलेली ३६,०२२ कोटींची आणि आरोग्यासाठी दिलेली १३,१९२ कोटींची अनुदाने. बेरीज बरोबर जुळते. आकड्यांत लबाडी नाही. लबाडी असलीच तर ती शीर्षकात आहे.

कारण ज्या दोन विभागांच्या पैशातून दवाखाने, परिचारिका आणि औषधे येतात, त्यांची तरतूद ७३,९३२ कोटी होती. त्याच दोन विभागांचा आदल्या वर्षीचा सुधारित अंदाज ८२,९२८ कोटी होता. म्हणजे चालू असलेल्या खर्चाच्या तुलनेत सुमारे नऊ हजार कोटींची घट. लसीचे ३५,००० कोटी वेगळे होते ही सरकारची बाजूही मी मांडतो, कारण आपली समीक्षा प्रतिपक्षाचा पुरावा लपवून उभी राहता कामा नये. पण लसीची रक्कम त्या वर्षापुरती असते आणि परिचारिकेचे पद कायम असावे लागते.

पाण्याचा आरोग्याशी संबंध काय, हे महाडच्या वारसांना कोणी शिकविण्याची गरज नाही. १९२७ साली आपण ज्या पाण्यासाठी उभे राहिलो, त्यात माणुसकीचा हक्क होता तसा आरोग्याचाही होता. नळाला पाणी यावे, त्यावर खर्च व्हावा. पण नळयोजनेचा खर्च आरोग्याच्या खात्यात दाखविल्याने उपकेंद्रात परिचारिका येत नाही. एका गरजेचा आकडा दुसऱ्या गरजेवर पांघरूण म्हणून घालणे हे या भाषेचे वैशिष्ट्य आहे. साहित्यात आपण याला अलंकरण म्हणतो आणि त्यामागचे वास्तव शोधतो.

५

हेच तंत्र आपल्या नावाने राबविले जाते तेव्हा ते अधिक क्लेशदायक होते. आदिवासी उपयोजना १९७४-७५ मध्ये आणि अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना १९७९-८० मध्ये सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा बाजूला काढावा आणि तो थेट या समाजांच्या वस्तीपर्यंत, माणसापर्यंत जावा हे तिचे तत्त्व. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ‘वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’ या खर्चाचे मुख्य लेखाशीर्ष २२१० आहे. त्याखाली अनुसूचित जातींसाठीचा खर्च ७८९ या गौण शीर्षात आणि आदिवासींसाठीचा ७९६ मध्ये दाखवितात. कार्यकर्त्यांनी हे तीन आकडे पाठ करावेत.

७८९ खाली रक्कम दिसते. पण ती पाहून समाधान मानू नये. पुष्कळदा राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या सर्वसाधारण योजनेतला एक हिस्सा प्रमाणाने काढून या शीर्षाखाली मांडलेला असतो. योजना तीच, केंद्र तेच, गोळी तीच, फक्त हिशेबापुरता तिचा काही भाग दलितांच्या नावे लावलेला. तो पैसा कोणत्या वस्तीत गेला, कोणत्या बाईच्या रक्तक्षयावर खर्च झाला, हे विचारले तर उत्तर नसते. आंध्र प्रदेशाने २०१३ मध्ये आणि कर्नाटकाने त्याच वर्षी या निधीसाठी कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात असा ‘मानीव’ खर्च दाखविण्याची एक पळवाट होती. ती ७ (ड) ची तरतूद काढून टाकायला २०२३ साल उजाडावे लागले. कायदा आणतानाच पळवाट शोधण्याची ही बुद्धी आपल्याला अपरिचित नाही.

दुसरे उदाहरण जोतीरावांच्या नावाचे आहे. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या जीवनदायी आरोग्य योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पुढे ती केंद्राच्या योजनेशी जोडली गेली आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. अनेक गरिबांच्या हृदयावरच्या आणि मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रिया या योजनेतून झाल्या आहेत. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांचा पैसा रुग्णालयाला देते. विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासींप्रमाणेच दलितांतही, विशेषतः पूर्वाश्रमीच्या महार समाजात, मोठ्या प्रमाणात आढळतो. त्या रुग्णाला रोज गोळी लागते, वेळोवेळी रक्ततपासणी लागते, कधी रक्त लागते, आणि हे सारे घरापासून जवळ लागते. ते प्राथमिक आरोग्य केंद्राचे आणि ग्रामीण रुग्णालयाचे काम आहे. दाखल होण्याइतका आजार वाढल्यावर कार्ड उपयोगी पडते, तो वाढू नये म्हणून जे लागते त्याला कार्ड पुरत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतच्या दवाखान्यात पोचवीत होत्या आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या घराण्याचे नाव ज्या योजनेला आहे, तिने सार्वजनिक दवाखान्याची जागा विम्याच्या कार्डाला द्यावी हे मला पटत नाही.

६

आता त्या तीन न छापलेल्या रकान्यांकडे येतो.

पहिला रकाना घरचा. २०२१-२२ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी उपचाराच्या वेळी थेट खिशातून दिली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे ते घटले आहे. तरी ३९.४ टक्के म्हणजे ३ लाख ५६ हजार कोटी रुपये होतात. हा अर्थसंकल्प घराघरांत मांडला जातो. त्याची पुरवणी मागणी सावकाराकडे जाते आणि सुधारित अंदाजात शेळी, दागिना किंवा मुलीचे शिक्षण खर्ची पडते. माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी मध्येच कॉलेज सोडतो, तेव्हा चौकशीअंती घरातले आजारपण निघते हा माझा नेहमीचा अनुभव आहे. शिष्यवृत्तीची गळती मोजणारे खाते हे कारण कोठेही नोंदवीत नाही.

दुसरा रकाना आशाताईचा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमण्यात आली. देशात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. गरोदर बाईची नोंद, बाळाचे वजन, क्षयरोग्याची गोळी, साथीचे सर्वेक्षण, सगळे तिच्याकडे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या बायांचा गौरव केला. पण सरकारी भाषेत ती कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे, आणि तिला वेतन नाही, ‘मानधन’ आहे. या एका शब्दावर मी थांबलो आहे. आपल्या समाजाने शतकानुशतके वेतनाऐवजी बलुते घेतले. काम ठरलेले, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर, आणि वर सेवेचा मान. मानधन हा शब्द त्याच व्यवस्थेतला आहे. २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवरच्या या स्त्रियांना कामगार मानावे आणि किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस पडून आहे. तिचा खर्च वाचवून अभियानाचा जमाखर्च जुळविला जातो.

तिसरा रकाना सफाई कामगाराचा. सातव्या अनुसूचीतली नोंद ‘सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता’ अशी आहे, हे मी मुद्दाम वर लिहिले. शहराचे आरोग्य गटार उपसणाऱ्यावर उभे असते. ‘नमस्ते’ योजनेखाली २०२४ पर्यंत पडताळणी झालेल्या ५४,५७४ गटार व मलटाकी कामगारांपैकी ६७.९१ टक्के अनुसूचित जातींचे होते. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरविणे गुन्हा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख ठरविली. यंत्र घेण्याचा खर्च टाळला जातो, तेव्हा त्याची किंमत एका विशिष्ट जातीच्या माणसाच्या फुफ्फुसातून वसूल होते. नंतरची भरपाई दुसऱ्याच शीर्षाखाली खर्ची पडते, म्हणून दोन्ही आकडे कधी शेजारी येत नाहीत.

या तीन रकान्यांची एकत्र बेरीज काय होते? २०२२ साली एका नामांकित अमेरिकन विज्ञान नियतकालिकात नऊ राज्यांच्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे अपेक्षित आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. आर्थिक स्थितीतील फरकाने या तफावतीचा निम्मादेखील उलगडा होत नाही, असे त्या संशोधकांना दिसले. म्हणजे उरलेले कारण जातीत शोधावे लागते. प्रा. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात व राजस्थानातल्या दलित मुलांच्या अनुभवांचा जो अभ्यास २०१० साली मांडला, त्यात औषध देताना आणि तपासणी करताना स्पर्श टाळण्याचे प्रकार नोंदलेले आहेत. ही शिवाशिव कोणत्याही लेखाशीर्षात सापडत नाही. दवाखाना बांधला, पण तो वरच्या आळीत बांधला आणि परिचारिका वस्तीत उतरलीच नाही, तर २२१० खालचा खर्च नियमाप्रमाणे झालेला असतो आणि वस्तीतली बाई बिनउपचाराची राहिलेली असते.

७

आमचे काही मित्र म्हणतात, जातीचा प्रश्न अस्मितेचा आहे, आकडेमोडीत शिरून चळवळ डाव्यांच्या आर्थिक वादात अडकेल. दुसरे मित्र म्हणतात, पैसा वाढवून मागा, बाकी आपोआप होईल. वरच्या विवेचनात दोघांनाही उत्तर आहे. स्पर्श टाळणाऱ्या व्यवस्थेत नुसता पैसा वाढला तर तो वरच्या आळीपर्यंत पोचून थांबेल. आणि पैशाचा हिशेब न मागणारी अस्मिता पुतळ्याच्या उंचीवर समाधान मानील. बाबासाहेबांनी महाडचा सत्याग्रह आणि वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ ही दोन कामे दोनच वर्षांच्या अंतराने केली. त्यांना त्यात विरोध वाटला नाही.

‘निधी उपलब्ध नाही’ या वाक्याला न्यायालयानेही एकदा उत्तर दिले आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार देण्याचे संविधानिक कर्तव्य राज्याला आर्थिक अडचणीची सबब सांगून टाळता येणार नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात असा कायदा मागताना आपल्या संघटना पुढे असल्या पाहिजेत.

त्याआधीही करण्यासारखे पुष्कळ आहे. तरतूद हा केवळ इरादा असतो, म्हणून तरतुदीच्या बातमीवर टाळी किंवा निषेध करू नये. त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढे प्रत्यक्ष खर्च काढावा. मार्चअखेर किती रक्कम समर्पित झाली ते पाहावे. मंजूर पद रिक्त ठेवले की वेतन वाचते आणि कपात कोठेही जाहीर करावी लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य सुविधांवरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळापुढे आला. त्यात परिचारिकांची सुमारे पस्तीस टक्के पदे रिक्त असल्याचे नोंदलेले आहे. हा अहवाल आपल्या अभ्यासवर्गांतून वाचला गेला पाहिजे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधसाठ्याची नोंदवही, रुग्ण कल्याण समितीचा हिशेब आणि ७८९ खालचा तालुक्यातला खर्च २००५ च्या माहिती अधिकाराने मागता येतो. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे जे काम झाले, जनसुनावण्या झाल्या, त्यांत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून प्रश्न विचारले. त्यांत दलित वस्तीचा आवाज किती होता, हे आपण तपासावे आणि वाढवावे.

लिहिणाऱ्यांना वेगळी विनंती आहे. आपल्या आत्मकथनांत भूक आली, शाळा आली, अपमान आला. दवाखाना त्या मानाने कमी आला. ज्या घरात आजारपणाने शेत गेले, ज्या घरात बाळंतीण वाटेत गेली, त्या घरांनी तारीख, गाव, खर्चाची रक्कम आणि कोणी काय उत्तर दिले हे सारे लिहून ठेवले तर ते साहित्यही होईल आणि पुरावाही होईल. पुढचा अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा त्याच्या शेजारी ठेवायला आपल्याजवळ हा दुसरा जमाखर्च तयार असला पाहिजे. प्रत्येक तालुक्यातल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून एका वर्षाचा तरी असा जमाखर्च मांडावा आणि तो या पृष्ठांकडे पाठवावा.